दालनाचे दार





या अंकासोबत वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आपल्या हाती पडली असेल. तिच्यातला विषय क्रमांक ६ पुष्कळांच्या नजरेतून सुटण्यासारखा आहे. ऑडिटरची नेमणूक त्याच्या आधी आणि 'आयत्या वेळचे विषय' त्याच्या नंतर, अशा अडचणीच्या जागी तो छापला आहे. शब्द असे आहेत : 'मंडळाच्या वास्तूतील तळमजल्यावरील कलादालन अकरा महिन्यांच्या करारावर शिकवणी वर्गास भाड्याने देण्याबाबत विचार करणे.' आपल्याकडे 'विचार करणे' याचा अर्थ बहुधा टाळ्या वाजवून मंजूर करणे असा होतो, आणि तोपर्यंत मागच्या रांगेतली मंडळी पोह्यांच्या दिशेने निघालेली असतात. म्हणून हा अग्रलेख.

प्रथम एक कबुली. हा प्रस्ताव जेव्हा पहिल्यांदा कार्यकारिणीपुढे आला तेव्हा आम्ही स्वतः त्याच्या बाजूचे होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्य बँकेच्या खिडकीमागे गेले. जमा आणि नावे या दोन रकान्यांपलीकडे पाहण्याची सवय उशिरा लागते. शिकवणी वर्गाची मंडळी आली, दरमहा १८,००० रुपये म्हणाली, तीन महिन्यांची अनामत रोख ठेवायला तयार झाली. इंदूर हे आता शिकवणी वर्गांचे गाव आहे. भंवरकुआच्या बाजूला संध्याकाळी पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांची जी गर्दी असते ती पाहिली की हा धंदा बुडणार नाही एवढे कळते. इकडे आपल्या सभागृहाचे छत गळते आहे. दुरुस्तीचा अंदाज चार लाखांचा आहे. वर्षाला २,१६,००० भाडे आले तर दोन वर्षांत छत होते. पाटीवरचे गणित इतके सरळ होते की आम्ही कार्यकारिणीत अनुमोदनासाठी हातही वर केला होता.

आता दालनाचा हिशेब पाहा. महिन्याला वीज २,७०० रुपये, झाडलोट १,५००, चहा ९००, दोरा-खिळे-चुना-छपाई ९००, एकूण ६,०००. जमेकडे चित्रे मांडणाऱ्यांकडून घेतलेली नाममात्र फी आणि विक्रीवरचे दहा टक्के मिळून सरासरी ३,५००. म्हणजे महिन्याला अडीच हजारांची खोट, आणि सोडून दिलेले भाडे धरले तर २०,५०० ची. एवढे पैसे दरमहा आपण बत्तीस फूट बाय अठरा फुटांच्या एका खोलीवर खर्च करतो, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही.

मग आमचे मत का फिरले, ते सांगतो.

ही जागा मूळची मांडवाच्या बांबूंची. गणेशोत्सव संपला की बांबू, ताडपत्र्या, मोडक्या खुर्च्या आणि एका जुन्या नाटकाचा रंगवलेला वाडा तिथे पडून राहायचा. काही तरुण सभासदांनी ती साफ केली, भिंतींना पांढरा रंग दिला, छताच्या कडेने लोखंडी पाइप फिरवला आणि चार दिवे बसवले. पाइपामुळे भिंतीत खिळा ठोकावा लागत नाही; नायलॉनच्या दोऱ्याने चित्र खाली सोडायचे, चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर आला की झाले. हे तंत्र आम्हाला त्या पोरांनी शिकवले. आधी आम्ही चित्रे आपल्या घरातल्या आजोबांच्या फोटोसारखी दारावर टांगत होतो.

दाराशी एक वही ठेवलेली असते. चित्रांच्या गावात तिला अभिप्राय वही म्हणतात; आम्ही मात्र ती हजेरीपट म्हणून वाचली. भाड्याच्या प्रस्तावावर टिपण लिहायचे म्हणून ती वही घरी नेली आणि रात्री रकाने पाडून बसलो. किती चित्रे विकली गेली हे तीत नव्हतेच. पण कोण आले, किती वेळा आले, कोणाबरोबर आले हे होते. सभागृहातल्या व्याख्यानांना येणाऱ्यांत साठीच्या आतली माणसे बोटावर मोजावी लागतात. या वहीत तसे नव्हते. एकाच आडनावाच्या तीन पिढ्या एका पानावर सह्या करून गेलेल्या होत्या. एका सहीखाली लहान अक्षरांत 'आजीको लेके आया था' असेही लिहिले होते.

या वाक्यावर हसू नका. आपल्या प्रश्नाचे मर्म त्यात आहे. आपली नातवंडे देवनागरी वाचतात, पण हिंदीसाठी वाचतात. घरात आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही आपण एकमेकांशी बोललो असे वाटते. मराठी माध्यमाच्या शाळांची अवस्था आपण जाणतोच. राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी कराव्यात असे १९५६ पासून लिहिलेले आहे. लिहिलेले आहे इतकेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले आणि ते योग्यच होते. परंतु जो मुलगा व्याख्यानाला बसणार नाही, नाटक समजणार नाही म्हणून येणार नाही, पुस्तक उघडणार नाही, त्याला मराठी कानावर पडावी कुठे? चित्र पाहायला भाषा लागत नाही. तो येतो. आणि एकदा आला की त्याच्या आजूबाजूला उभी राहिलेली माणसे मराठीत बोलत असतात.

याचे एक उदाहरण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याच एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी जुन्या घरातल्या वस्तूंची पेन्सिलने काढलेली चाळीसेक चित्रे लावली होती. बंब, घंगाळ, अडकित्ता, पाटा-वरवंटा, फिरकीचा तांब्या, शेवयांचा पाट, रोवळी. चित्रे सुबक होती, पण खरे सांगायचे तर थोर कला वगैरे नव्हे. खाली नावे लिहायची राहून गेली होती. मास्तरांना त्याची फार खंत वाटत होती. आम्हीही व्यवस्थेवर चिडलो होतो. पण त्या चुकीनेच काम केले. नाव नाही म्हटल्यावर मुले विचारू लागली, 'ये क्या है?' आणि खुर्चीवर बसलेल्या एक काकू उठल्या. 'अरे, याला रोवळी म्हणतात. यात तांदूळ धुवायचे. धूऊन निथळत ठेवायचे.' 'निथळत मतलब?' मग निथळणे, पाझरणे आणि गळणे यांत फरक काय यावर दोन काका आणि त्या काकू यांचा असा काही वाद पेटला की दालन बंद करायची वेळ टळून गेली. (गळण्याचा विषय निघाल्यावर कोणीतरी सभागृहाच्या छताकडे बोट दाखवलेच.) दुसऱ्या दिवशी तीच मुले आणखी दोघांना घेऊन आली. एका घरातून खरा अडकित्ता आला, दुसऱ्या घरातून पितळी घंगाळ आले. चौथ्या दिवशी मास्तरांनी पेन्सिल देऊन मुलांकडूनच नावे लिहून घेतली. 'रोवळी'तला 'ळ' लिहिताना दोघे अडखळले. आपण बाल-संस्कार वर्ग म्हणून जे काही चालवतो त्याला मुलांना ओढून आणावे लागते. इथे त्यांना घरी घालवावे लागत होते.

हा सगळा प्रकार कोणत्या रकान्यात लिहायचा, हे आम्हाला बँकेतल्या नोकरीने शिकवलेले नाही.

ज्यांना वाटते की चित्रे हा श्रीमंतांचा शौक, मराठी समाजाचा त्याच्याशी काय संबंध, त्यांनी आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी होळकर संस्थानात १९२७ साली इथे चित्रशाळा उभी केली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत इंदुरातच १९१० साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे होते, महेश्वरचे देवकृष्ण जटाशंकर जोशी होते, विष्णू चिंचाळकर होते, आणि पंढरपुरात जन्मलेला, वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीमुळे इंदुरात वाढलेला मकबूल फिदा हुसेन नावाचा मुलगाही होता. हुसेन यांच्या पुढच्या काळातल्या चित्रांबद्दल आपल्या सभासदांत तीव्र मतभेद आहेत, ते असोत. आम्ही बोलतो आहोत ते शिकवणाऱ्याबद्दल. मराठी, माळवी, मुसलमान असे सगळे विद्यार्थी एका मराठी मास्तराच्या वर्गात बसत होते. बेंद्रे १९५० मध्ये वडोद्याला गेले आणि सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख झाले. वडोद्याचे आपले बांधव त्यांना आपले म्हणतात, आपणही आपले म्हणतो, आणि दोघांचेही खरे आहे.

चिंचाळकर गुरुजी मात्र इथेच राहिले. वाळलेले पान, झाडाचे मूळ, फेकून दिलेला डबा यांतून ते चेहरे आणि पक्षी काढून दाखवत; मुले त्यांच्याभोवती गोळा होत. २००० साली ते गेले. त्यांच्या, 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते यांच्या आणि नाट्यकर्मी बाबा डिके यांच्या मैत्रीच्या गोष्टी जुने इंदूरकर अजून सांगतात. १९४८ पासून देवासला राहिलेले कुमार गंधर्व हेही त्याच मेळ्यातले. एक चित्रकार, एक हिंदी दैनिकाचा मराठी संपादक, एक नाटकवाला, एक गवई. कोणत्या मंडळाच्या विषयपत्रिकेने त्यांना एकत्र आणले नव्हते. निमंत्रणाशिवाय बसता येईल अशी एखादी जागा आणि बरोबर चहा, एवढ्यावर ते चालले. आज आपल्यापैकी कोणाकडे अशी जागा आहे? घरे लहान झाली, ओसरी गेली, फ्लॅटच्या दारावर घंटी वाजवायला आधी फोन करावा लागतो.

मुंबईचा दाखला द्यायचा तर जहांगीर कलादालनाचा देता येईल. ते १९५२ साली सुरू झाले. पण तिथे रोज जाणाऱ्यांपैकी किती जण चित्रांसाठी जात आणि किती जण आतल्या 'समोवार' उपाहारगृहासाठी, हा प्रश्नच आहे. १९६४ पासून ते होते. २०१५ च्या मार्चमध्ये ते बंद झाले तेव्हा लोकांना जे वाईट वाटले ते तिथल्या पदार्थांपुरते नव्हते. भिंती तशाच राहिल्या, चित्रेही लागत राहिली. टेकायची जागा गेली. दालनातल्या सहा खुर्च्या आणि चहाचे नऊशे रुपये हे वायफळ आहेत असे म्हणणाऱ्या सन्माननीय सदस्यांनी हे ध्यानात घ्यावे. कपात करायचीच असेल तर उद्घाटनाच्या हारतुऱ्यांत करा.

उद्घाटनाचे आमच्याकडून काय होते तेही सांगितले पाहिजे, कारण दालनाच्या बाजूने बोलताना आपले दोष लपवणे बरे नाही. एका तरुण मुलीचे पहिले प्रदर्शन होते. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. त्यांच्या फोटोचा फ्लेक्स दारावर असा लावला होता की तिच्या नावाची पाटी त्यामागे गेली. मग स्वागत, परिचय, भाषण, आभार. ती कोपऱ्यात उभी होती. तिला दोन शब्द बोलायला कोणी सांगितले नाही. पाहुणे गेल्यावर त्यांच्याबरोबर निम्मी गर्दी गेली. दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. जुलैमध्ये जलरंगांची चित्रे भिंतीला टेकवून लावली, मागे हवा खेळायला जागा ठेवली नाही, आणि दोन चित्रांना बुरशी धरली. चित्रकाराने भरपाई मागितली नाही, हा त्याचा मोठेपणा. विमा आपण उतरवलेला नव्हता, हा आमचा निष्काळजीपणा.

आणखी एक कुरबूर कानावर आहे आणि ती उघड बोललेली बरी. मराठी मंडळाच्या दालनात अमराठी चित्रकारांची चित्रे का, पाटी हिंदीतही का, असे काही ज्येष्ठ विचारतात. त्यांच्या मनातली भीती आम्हाला समजते. जे थोडेसे आपले म्हणून उरले आहे तेही वाटून टाकायचे का, असे त्यांना वाटते. परंतु आमचे मत स्पष्ट आहे. पाटीवर मराठी वर आणि मोठी असावी, खाली हिंदी असावी, आणि दार सगळ्यांना उघडे असावे. शेजारच्या गल्लीतला सिंधी मुलगा आपल्या दालनात फोटो लावतो, त्याचे आईवडील येतात, आपल्या काकूंकडून 'बसा ना' ऐकतात आणि पुढच्या वेळी स्वतःच 'बसा ना' म्हणतात, यात मराठीचे नुकसान नेमके काय होते? देवळालीकरांनी वर्गात कोणाचे आडनाव विचारून प्रवेश दिला असता तर आज इंदूरचे नाव घ्यायला आपल्याजवळ काय उरले असते?

आता छताचे. ते गळते आहे आणि ते दुरुस्त व्हायलाच हवे. भाड्याच्या बाजूचे सभासद कलेचे शत्रू नाहीत. पावसात सतरंज्या उचलून ठेवणारे तेच आहेत. म्हणून नुसता विरोध न करता आम्ही पर्याय मांडत आहोत. दालन संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. सकाळी सात ते अकरा ते रिकामे असते. योगवर्ग चालवणाऱ्या एका भगिनीने आणि शिवणवर्गाच्या एका गटाने ती वेळ मागितली आहे, भिंतींना हात न लावण्याच्या अटीवर, दोघे मिळून दरमहा ७,००० रुपये द्यायला तयार आहेत. वर्षाचे ८४,००० झाले. दालनाची वार्षिक खोट ३०,००० वजा जाता ५४,००० हाती राहतात. मंडळाचे ६४० सभासद आहेत. प्रत्येकाने छतासाठी एकदाच ५०० रुपये दिले तर ३,२०,००० होतात. सगळे देतील असे बँकेत नोकरी केलेला माणूस म्हणणार नाही. दोनतृतीयांश धरा, तरी दोन लाख तेरा हजार, आणि ५४,००० मिळून दोन लाख सदुसष्ट हजार. एवढ्यात रंगमंचावरचा भाग या उन्हाळ्यात होतो, बाकीचा पुढच्या. भाड्याच्या मार्गानेही दोन वर्षेच लागत होती. फरक इतकाच की त्या मार्गाने दोन वर्षांनी छत असेल आणि खोली नसेल. करार अकरा महिन्यांचा असतो हे खरे, पण एकदा फळे लागले, बाके बसली, भिंतीवर गुणवंतांचे फोटो चढले की अकरा महिने किती वर्षांचे होतात हे या शहरातल्या कोणत्याही घरमालकाला विचारा.

आणि एक गोष्ट मते मागायला येणाऱ्यांसाठी. निवडणूक कोणतीही असो, सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या सभागृहात येतात, हार घालून घेतात, अहिल्याबाईंचे नाव घेतात, मराठी समाजाच्या योगदानाबद्दल चार वाक्ये बोलतात आणि जातात. यापुढे त्यांना व्यासपीठावर बोलावण्याआधी पाच मिनिटे तळमजल्यावर न्यावे. खोली दाखवावी. मालमत्ता करात अशा विनामूल्य खुल्या सांस्कृतिक जागांना सवलत देण्याचा ठराव तुम्ही मांडणार का, आणि शाळांतल्या मुलांना महिन्यातून एकदा अशा दालनात पाठवण्याचा आग्रह धरणार का, हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर कागदावर घ्यावे. उत्तर दिलेल्या आणि न दिलेल्या, दोघांचीही नावे आम्ही याच पानावर छापू. पक्ष पाहणार नाही.

सभेत मत प्रत्यक्ष हजर राहूनच देता येते. शेजाऱ्याबरोबर निरोप पाठवून चालत नाही, हे उपविधीत आहे. विषय क्रमांक ६ पोह्यांच्या आधी घ्यावा अशी विनंती आम्ही अध्यक्षांना केली आहे. सभेच्या आधीचे आठ दिवस दालन रोज संध्याकाळी पाचला उघडेल. मास्तरांची ती चित्रे आम्ही पुन्हा लावली आहेत, मुलांच्या अक्षरांतल्या नावांसह. खुर्च्या सहाच आहेत आणि खिडकीकडचा पंखा अजून दुरुस्त व्हायचा आहे, तेव्हा ज्येष्ठांनी थोडे लवकर यावे.